रोमन अवशेष आणि उष्ण झरे: महाराष्ट्रातील प्रवाशांसाठी माहिती

रोमची यात्रा करून परतलेले भाविक महामंदिरांइतकेच तेथील प्राचीन स्नानगृहांच्या भग्न भिंतींविषयीही बोलतात. २०२५ च्या ज्युबिली वर्षात अनेकांना हे दर्शन घडले. परंतु विदर्भातील बहुसंख्य कुटुंबांना असा प्रवास परवडणारा नाही. अशा वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. रोमन जगाशी आलेल्या संबंधाच्या खुणा महाराष्ट्राच्या भूमीत आहेत आणि रोमन लोकांना ज्यांचे विलक्षण आकर्षण होते ते उष्ण पाण्याचे झरेही आपल्या राज्यात आहेत. कोकणात तर ही दोन्ही स्थळे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. काय पाहावे, कोठे पाहावे, कशावर विश्वास ठेवावा आणि झऱ्यात उतरताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती प्रस्तुत लेखात एकत्र दिली आहे.

दोन ब्रह्मपुरी

भारत आणि रोम यांच्या संबंधांविषयीच्या पुस्तकांत ‘ब्रह्मपुरी’ हे नाव वारंवार येते. चंद्रपूर जिल्ह्यातील वाचकाला ते आपलेच गाव वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ती ब्रह्मपुरी कोल्हापूर शहरातील, पंचगंगेच्या काठची एक टेकडी होय. ब्राह्मणांना दान दिलेल्या वस्तीला पूर्वी ब्रह्मपुरी म्हणत असत. त्यामुळे हे नाव एकाहून अधिक ठिकाणी आढळते.

कोल्हापूरच्या या टेकडीवर प्रा. के. जी. कुंदनगार यांनी १९४४ च्या सुमारास खोदकाम केले, तेव्हा कांस्य वस्तूंचा एक मोठा साठा हाती लागला. पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले. हा साठा सातवाहनकालीन वस्तीतील होता. त्यातील बऱ्याच वस्तू भारतीय बनावटीच्या आहेत. हत्तीवर बसलेल्या स्वारांचे सुंदर शिल्प हे त्यांचे उत्तम उदाहरण. परंतु काही वस्तू निःसंशय भूमध्य समुद्राकडून आलेल्या होत्या. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभरापेक्षाही लहान मूर्ती, घडीव मुठीची एक सुरई आणि पर्सियस व अँड्रोमेडा यांच्या कथेचे दृश्य असलेले एक गोल पदक या त्यांतील प्रसिद्ध वस्तू होत. रोमन लोक याच समुद्रदेवाला नेपच्यून म्हणत.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात ही मूर्ती पाहण्यासाठी आपल्या भागातून जाणे तसे सोपे आहे. ब्रह्मपुरीहून रेल्वेने गोंदियास जावे आणि तेथून नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे या मार्गे कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पकडावी. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडील एका गावात समुद्रदेवाची मूर्ती कशी आली, या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे बाकीचा सारा इतिहास उलगडू लागतो.

रोमन लोक येथे कशासाठी आले?

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. रोमन सैन्य महाराष्ट्रात कधीही आले नाही आणि रोमन लोकांनी येथे एखादे नगर वा स्नानगृह बांधल्याचा पुरावा नाही. ते आले व्यापारी म्हणून. त्यामुळे रोमन अवशेष म्हणताना इटलीप्रमाणे कमानी आणि स्तंभ डोळ्यांसमोर आणू नयेत. आपल्याकडील अवशेष म्हणजे जहाजातून उतरवून बैलगाडीतून देशावर आणलेल्या वस्तू: मद्याचे रांजण, काचेच्या वस्तू, कांस्याची भांडी आणि नाणी.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ग्रीक भाषेत लिहिलेली ‘पेरिप्लस’ नावाची एक दर्यावर्दी पुस्तिका या व्यापाराचा सर्वांत महत्त्वाचा आधार होय. तिचा कर्ता अज्ञात आहे. मोसमी वाऱ्यांचा आधार घेऊन इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठच्या बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत आणि आपल्या किनाऱ्यास लागत. या पुस्तिकेत भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांचा उल्लेख येतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ असल्याचे लेखक सांगतो. तगर म्हणजेच आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून जाडेभरडे तसेच तलम कापड गाड्यांतून बंदरावर जाई. येणाऱ्या मालात इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी होती.

हा व्यापार रोमला महागात पडत असे. प्लिनी या रोमन लेखकाने त्याच शतकात तक्रार केली आहे की, भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स इतके धन खेचून घेतो. हा आकडा कितपत काटेकोर आहे याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तक्रारीतील व्यथा मात्र खरी असावी.

महाराष्ट्रात काय पाहता येते?

तेर: तेरणा नदीकाठचे हे गाव वारकरी संप्रदायास संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून ठाऊक आहे. येथील श्री. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या पुरावस्तूंतून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. ग्रामस्थाने शेतातील आणि पांढरीतील वस्तू जपून ठेवल्या नसत्या तर या नगरीचा निम्मा इतिहास नाहीसा झाला असता. गावातील त्रिविक्रम मंदिराचा गजपृष्ठाकृती विटांचा भाग मूळचा बौद्ध चैत्य असल्याचे अभ्यासक मानतात.

भोकरदन आणि पाँपेई: जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७० च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले. तेथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशीच एक तेर येथेही मिळाली आहे. या दोहोंचे महत्त्व इटलीत कळते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिला प्रथम लक्ष्मी म्हटले गेले. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिचे तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी इतके साम्य आहे की, ती दख्खनमध्ये घडली असावी असे मत अनेकांनी मांडले आहे. म्हणजे रोमन भग्नावशेष पाहण्यास इटलीत गेलेल्या मराठी माणसाला तेथे कदाचित आपल्याच मुलुखातील कारागिराचे काम भेटते!

नेवासे: ज्ञानेश्वरीची जन्मभूमी असलेल्या या गावी डॉ. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ पासून उत्खनने झाली. येथे ‘अँफोरा’चे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा मातीचा रांजण. मद्य किंवा तेल भरून तो जहाजाने पाठवीत. मात्र अलीकडच्या अभ्यासातून असे दिसून आले आहे की, पश्चिम भारतातील काही ठिकाणी रोमन समजले गेलेले तुकडे प्रत्यक्षात इराक-इराणकडील रांजणांचे आहेत. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात ‘रोमन’ असे लिहिले आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

जुन्नर आणि कार्ले: येथील लेण्यांतील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्या ‘यवनां’ची नावे आहेत. जुन्नरला एका यवनाने पाण्याची टाकी, तर दुसऱ्याने भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दिले. ‘यवन’ हा शब्द मूळ ग्रीकांसाठी असला तरी पश्चिमेकडून आलेल्या कोणाही परकीयास तो लावला जाई. या दात्यांची नावे बहुधा भारतीय आहेत आणि दान बौद्ध भिक्षुसंघास दिलेले आहे. म्हणून त्यांना सरसकट रोमन म्हणणे योग्य नाही.

सोपारा आणि कल्याण: वसई तालुक्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरूड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडाखालील स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्यास मिळाले आहेत. कॅथलिक वाचकांच्या दृष्टीने या बंदराचे आणखी एक महत्त्व आहे. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी रक्तसाक्ष दिली. त्यांचे पार्थिव अवशेष फादर जॉर्डेनस यांनी सोपाऱ्यास आणून पुरले. कल्याणविषयी सांगायचे तर, सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे पर्शियाकडून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे स्थान म्हणजे आपले कल्याण असावे असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. रोमन व्यापाराने रुळविलेल्या वाटांवरूनच शुभवर्तमानही चालत आले, असे यावरून म्हणता येते.

विदर्भ: आपल्या भागाच्या सर्वांत जवळचे प्राचीन नगर म्हणजे वैनगंगेकाठचे पवनी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन करून विशाल स्तूप उघडकीस आणला. पवनी हे रोमन स्थळ नव्हे. तथापि पैठण आणि तेर ज्या सातवाहन काळात भरभराटीस आले, त्या काळातील विदर्भाची समृद्धी येथे समजते. रोमकडील मालाच्या वाटा पाहण्यापूर्वी आपल्या दारचे हे नगर पाहून घ्यावे.

तिबेरियसचे नाणे

वर दिलेल्या विखुरलेल्या माहितीला एका धाग्यात ओवणारी एक व्यक्ती आहे: सम्राट तिबेरियस. इ. स. १४ ते ३७ हा त्याचा राज्यकाल. प्रभू येशूचे सार्वजनिक कार्य आणि क्रूसावरील मरण याच सम्राटाच्या काळात घडले.

भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांची नाणी सर्वाधिक आहेत. त्यांचे मोठे साठे दक्षिणेकडे मिळाले. तेलंगणातील अक्कनपल्ली येथील साठ्यात दीड हजाराहून अधिक नाणी होती. खरे नाणे ज्यांना मिळत नसे त्यांनी त्याच्या छापावरून मातीची पदके घडविली. अशी पदके तेर आणि तेलंगणातील कोंडापूर येथे आढळली आहेत. ती गळ्यात घालीत असावेत. ‘कैसराचे ते कैसराला द्या’ हे वचन सांगताना प्रभूने जे नाणे मागवून घेतले, ते परंपरेने तिबेरियसचा दिनार मानले जाते. त्याच छापाची नाणी त्याच काळात आपल्या देशाच्या बाजारात फिरत होती.

याच सम्राटाच्या नावाने हेरोद अंतिपासाने गालील सरोवराच्या काठी इ. स. २० च्या सुमारास तिबिर्या हे नगर वसविले. योहानाच्या शुभवर्तमानात गालील सरोवराला तिबिर्याचा समुद्र म्हटले आहे ते यामुळेच. आणि या नगराच्या दक्षिणेस आहेत हम्मथचे उष्ण झरे. ‘हम्मथ’ या हिब्रू नावातच उष्णतेचा अर्थ आहे. तेथील चौथ्या शतकातील सभास्थानाची रंगीत खड्यांची फरशी प्रसिद्ध आहे. पवित्र भूमीच्या यात्रेत तिबिर्यास मुक्काम करणाऱ्या भाविकांनी हे स्थळ चुकवू नये.

पाणी तापते कसे?

महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. म्हणून उष्ण झरे हे त्या लाव्ह्याच्या शिल्लक उष्णतेने तापतात असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. तो लाव्हा केव्हाच थंड झाला आहे.

जमिनीखाली जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढत जाते. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला ते २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकातील भेगांतून खोलवर मुरते, तेथे तापते आणि एखाद्या मोठ्या भेगेतून वेगाने वर येते. वर येताना ते पुरते निवण्यास वेळ मिळत नाही. वाटेत खडकांतील क्षार त्यात विरघळतात. त्यामुळे त्याला खारट चव किंवा गंधकाचा वास येतो.

या झऱ्यांची ओळख मराठी भाषेनेच करून ठेवली आहे. आपण ‘ऊन पाणी’ म्हणतो. उन्हवरे, उन्हाळे, उनपदेव, उनकेश्वर या सर्व गावांच्या नावांत हा ‘ऊन’ शब्द आहे. नकाशावर असे नाव दिसले की तेथे झरा असण्याचा संभव मोठा.

महाराष्ट्रातील प्रमुख झरे

उनकेश्वर: नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या परिसरातील हे शिवस्थान चंद्रपूर व यवतमाळकडील लोकांना सोयीचे आहे. चंद्रपूरहून आदिलाबादमार्गे किंवा पांढरकवड्याकडून येथे जाता येते. शरभंग ऋषींच्या आजारावर उपाय म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगतात. त्वचारोगावर गुण येईल या आशेने दूरदूरचे लोक येथे येतात.

सालबर्डी: अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेवर हे स्थळ आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. शांतपणे झरा पाहावयाचा असल्यास यात्रेचे दिवस टाळावेत.

उनपदेव: जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. येथील ऊन पाणी गोमुखातून कुंडात पडते.

कोकणपट्टी: उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठराएक ठिकाणी झरे आहेत. त्यांचे तापमान ३४ ते ७१ अंश सेल्सियसच्या दरम्यान आढळते. दापोली तालुक्यातील उन्हवरे आणि संगमेश्वर तालुक्यातील तुरळ व राजवाडी ही त्यांतील परिचित नावे होत.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी: ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी ही तीन गावे एकमेकांना लागून आहेत. वज्रेश्वरीचे आजचे मंदिर १७३९ मधील वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी केलेल्या नवसाशी निगडित आहे. वसईच्या कॅथलिक इतिहासात ते वर्ष सत्तांतराचे आहे. त्यामुळे वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप आणि वज्रेश्वरीचे मंदिर एकाच फेरीत पाहिले तर दोन हजार वर्षांच्या उलथापालथी एका दिवसात समोर येतात. पावसाळ्यात नदीला पूर आला की काठावरील कुंडे पाण्याखाली जातात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

जवळजवळ हे सर्व झरे हिंदू देवस्थानांच्या आवारात आहेत. तेथे आपण पाहुणे असतो, याचे भान ठेवावे. पादत्राणे, वेशभूषा, स्त्री-पुरुषांची स्वतंत्र कुंडे यांविषयीचे स्थानिक नियम विचारून घ्यावेत. कुंडात साबण लावू नये, कपडे धुऊ नयेत.

रोमन स्नानगृहे: परदेशी जाणाऱ्यांसाठी

रोमन स्नानगृहे दोन प्रकारची होती आणि हा भेद ठाऊक नसल्यास पर्यटकाचा घोटाळा होतो.

पहिला प्रकार शहरातील ‘थर्मे’. येथे नैसर्गिक उष्ण झरा नसे. लाकडे जाळून पोकळ फरशीखालून आणि भिंतींतून गरम हवा खेळवीत. थंड, कोमट आणि उष्ण अशा तीन दालनांतून स्नानार्थी क्रमाने फिरे. अंगाला तेल लावून वाकड्या धातूच्या पट्टीने मळ खरवडून काढीत. रोममधील काराकल्लाची स्नानगृहे याच प्रकारची असून त्यांचे लोकार्पण इ. स. २१६ मध्ये झाले. त्यांहून मोठी डायोक्लेशनची स्नानगृहे इ. स. ३०६ च्या सुमारास पूर्ण झाली. ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ करणारा तो हाच सम्राट. हे बांधकाम ख्रिस्ती वेठबिगारांकडून करवून घेतले गेले, अशी परंपरा आहे. पुढे १५६१ मध्ये पोप चौथे पायस यांच्या आज्ञेने मायकेलअँजेलो यांनी त्याच भव्य दालनात देवदूतांची व रक्तसाक्षींची राणी मरिया हिचे मंदिर साकारले. त्यांनी जुन्या छताचे घुमट आणि ग्रॅनाइटचे प्रचंड स्तंभ जसेच्या तसे राखले. रोमच्या मुख्य रेल्वेस्थानकापासून ते चालत जाण्याइतके जवळ आहे. प्राचीन स्नानगृहाचे मूळ आकारमान अनुभवण्यास याहून चांगली जागा नाही आणि तेथे आजही मिस्सा अर्पण होतो.

दुसरा प्रकार नैसर्गिक झऱ्यांवरील स्थानांचा. इंग्लंडमधील बाथ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. येथे सुमारे ४६ अंशांचे पाणी दररोज अकरा लाख लिटरांहून अधिक वाहते. रोमन लोकांनी झऱ्याची स्थानिक देवता सुलिस आणि आपली मिनर्व्हा या दोघींना एक मानून तेथे मंदिर उभारले. झऱ्यात शिशाचे शंभराहून अधिक पत्रे सापडले आहेत. स्नानाच्या वेळी आपली वस्त्रे चोरणाऱ्यास देवीने शिक्षा करावी, अशा विनवण्या त्यांपैकी कित्येकांवर कोरल्या आहेत. कुंडाकाठी कपड्यांची राखण करण्याची चिंता तेव्हाही होती तर! इटलीत रोमच्या उत्तरेस व्हितेर्बो येथेही रोमन काळापासून वापरात असलेले झरे आहेत. तेराव्या शतकात काही काळ पोप महोदयांचे वास्तव्य याच नगरात होते.

रोमन लोकांनी झऱ्यावर इमारत बांधली, आपल्या पूर्वजांनी त्याचे तीर्थ केले. दोघांनीही ते पाणी केवळ पाणी मानले नाही.

स्नान करताना घ्यावयाची काळजी

उष्ण झऱ्यांविषयी भावना प्रबळ असते आणि सावधगिरी कमी. म्हणून पुढील सूचना कुटुंबातील सर्वांना वाचून दाखवाव्यात.

१. प्रथम हाताने पाणी अजमावावे. ४० ते ४२ अंशांपर्यंतचे पाणी सोसते. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजते. झरा जेथे उगम पावतो त्या कुंडात मुलांना कधीही उतरवू नये.

२. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ पाण्यात बसू नये. उष्णतेने रक्तदाब उतरतो आणि उठताना घेरी येते. भरपूर साधे पाणी प्यावे. मद्यपान करून कुंडात उतरू नये.

३. हृदयविकार किंवा रक्तदाबाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्नान करू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांना भाजल्याचे कळतही नाही. त्यांनी पाय सोडून बसण्याचा मोहही टाळावा.

४. डोके पाण्याखाली नेऊ नये आणि नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास होणारा आजार दुर्मीळ, परंतु बहुधा प्राणघातक असतो. १९७८ मध्ये बाथ येथे झऱ्याच्या पाण्यात पोहल्यानंतर एका मुलीचा या आजाराने मृत्यू झाला. आता तेथील प्राचीन रोमन कुंडात उतरण्यास मनाई आहे. केरळमध्येही २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. स्नानानंतर पंधरवड्याच्या आत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या किंवा मान ताठरणे असा त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालयात जावे आणि झऱ्यात स्नान केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

५. झऱ्याचे पाणी औषध म्हणून पिऊ नये. उघड्या जखमा असताना सार्वजनिक कुंडात उतरू नये. त्वचेला तात्पुरता आराम वाटला तरी चालू असलेले उपचार थांबवू नयेत. कुष्ठरोगावर आज शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य आणि खात्रीचे औषध मिळते. कोणी रुग्ण केवळ झऱ्यावर विसंबून दिवस घालवीत असेल तर त्यास तेथे नेणे हे आपले कर्तव्य होय.

शेतात जुनी वस्तू सापडल्यास

कोल्हापूरची मूर्ती योग्य हाती पडली म्हणून आज आपल्याला दिसते. नांगराच्या फाळाला लागलेली कित्येक नाणी मात्र सोनाराच्या मुशीत गेली. वितळलेल्या नाण्याची किंमत मिळते, परंतु ते कोठे, कोणत्या थरात, कशासोबत होते ही माहिती कायमची नष्ट होते.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा गाडलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. असे कळविणाऱ्याचा त्या ठेव्यातील हक्क हाच कायदा मान्य करतो. लपविणाऱ्यास मात्र शिक्षा आहे. म्हणून नाणे, मूर्ती वा कोरीव दगड सापडल्यास तो घासून स्वच्छ करू नये, जागेवरून हलवू नये. छायाचित्र काढावे आणि तलाठ्यामार्फत किंवा थेट तहसील कार्यालयात वर्दी द्यावी. आपली वैनगंगा प्राचीन वस्त्यांची नदी आहे. असा प्रसंग आपल्या गावात येणे मुळीच अशक्य नाही.

सहलीचे नियोजन करणाऱ्यांसाठी

शाळा, युवक संघ व महिला मंडळांना दोन टप्प्यांत सहल आखता येईल. पहिला टप्पा एका दिवसाचा: ब्रह्मपुरीहून पवनी आणि शक्य झाल्यास नागपूरचे मध्यवर्ती वस्तुसंग्रहालय. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयास आपल्याकडे अजब बंगला म्हणतात. दुसरा टप्पा चार-पाच दिवसांचा: कोल्हापूरचे टाऊन हॉल संग्रहालय, परतीच्या वाटेवर पुण्याहून कार्ले व जुन्नर, किंवा मुंबईकडे वळून वसई, सोपारा व वज्रेश्वरी. संग्रहालयाचा सुट्टीचा वार आणि वेळ निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून विचारून घ्यावी. लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू नयेत, मूर्तींना हात लावू नये, हे मुलांना घरीच समजावून सांगावे.

मुलांना प्रवासात एक काम जरूर द्यावे. प्रत्येक ठिकाणी दूरदेशाहून आलेली एक तरी वस्तू, एक तरी नाव त्यांनी शोधून वहीत टिपावे. कोल्हापुरात त्यांना समुद्रदेव सापडेल, कार्ल्यात यवनाचे नाव आणि सोपाऱ्यात चार रक्तसाक्षींचे स्मरण. आपली भूमी जगापासून कधीच तुटलेली नव्हती, हे त्यांना पुस्तकापेक्षा या वहीतून अधिक चांगले समजेल.